तिकिटाएवढं रक्त

वामन मास्तर माणसाचं आधी कपाळ बघायचे. तुम्ही नमस्कार करा, लग्नाची पत्रिका द्या नाहीतर भांडायला जा, त्यांची नजर भुवयांच्या वर जायची आणि तिथे जरा रेंगाळायची. मग ते म्हणायचे, "कातडी पातळ आहे तुमची, जपा." किंवा, "वा! काय कपाळ आहे!" नवख्या माणसाला वाटायचं, मास्तर भविष्य सांगतात. एकाने तर माझ्यासमोर त्यांना, "मग नोकरीचं काय दिसतंय?" असं विचारलं होतं. मास्तर गंभीरपणे म्हणाले, "इथून उजवीकडे एक शीर जाते. ती सोडली तर बाकी ठीक आहे."

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये त्यांचं सलून होतं. ज्या रविवारी मैदानात फ्री स्टाइल कुस्तीचा शो असे, त्या दिवशी सलूनला कुलूप लावून, पांढरा शर्ट आणि काळा बो घालून ते रिंगमध्ये रेफरी म्हणून उभे राहायचे. रेफरीचं काम म्हणजे शिट्टी फुंकणं, तीनपर्यंत मोजणं आणि अधूनमधून थोबाडीत खाणं, एवढंच लोकांना ठाऊक होतं. त्यांचं खरं काम वेगळं होतं. पैलवानांची कपाळं मास्तर कापायचे.

त्या कुस्त्या ठरलेल्या असायच्या. कोण जिंकणार, कोण कुणाला खुर्ची घालणार, हे सगळं दुपारी सलूनच्या मागच्या खोलीत चहा पिता पिता ठरायचं. खरं असायचं ते फक्त रक्त. कारण पब्लिकला रक्त ओळखता येतं. एका बाहेरच्या कंपनीने एकदा रंगाचं पाणी वापरून बघितलं होतं. लोकांनी त्यांचा मंडप पेटवला आणि हिरोला त्याच्या चड्डीवर स्टेशनपर्यंत पळवत नेलं. त्यामुळे कुस्ती रंगात आली की एक पैलवान पालथा पडायचा, मास्तर मोजायला म्हणून त्याच्यावर वाकायचे, आणि तो उठायचा तेव्हा त्याचं तोंड लालभडक झालेलं असायचं.

ब्लेडचा कोपरा मोडून तो मास्तर उजव्या हाताच्या मधल्या बोटाला चिकटपट्टीत गुंडाळत. तांदळाच्या कणीएवढं टोक बाहेर. डाव्या हाताच्या अंगठ्याने कपाळाची कातडी ताणायची, दाढी करताना गाल ताणतात तशी, आणि एकदाच ओढायचं. केसांच्या रेषेजवळ, म्हणजे पुढे वण दिसू नये. घामात मिसळलं की थोडं रक्तही भरपूर दिसतं. एका माणसाला एक ब्लेड, सलूनमध्ये तसंच मैदानात. कुणी पैलवान जोशात येऊन "मास्तर, आज जरा खोल" म्हणाला, की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "रक्त तिकिटाएवढंच." हे ते फार कडकपणे म्हणायचे. पहिल्या रांगेचं तिकीट महाग असलं तरी त्यांच्या हिशेबात जास्त रक्त बसत नसे.

मला स्वतःला कुस्तीची आवड नाही. मी लग्नाचं शूटिंग करणारा माणूस. हाणामारी बघायची माझी हौस लग्नांतच भागते. पण माझ्या स्टुडिओची आणि मास्तरांच्या सलूनची भिंत एकच होती, आणि त्यांनी माझं नाव 'कॅमेरा' ठेवलं होतं. "काय कॅमेरा, बसायचं का खुर्चीत?" अशी हाक भिंतीपलीकडून आली की त्यांच्याकडे गिऱ्हाईक नाही असं समजायचं. माझ्याकडेही बहुधा नसायचं. मग मी दाढीला बसे आणि ते बोलत.

या धंद्यात ते पडले तेसुद्धा दाढीमुळेच. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मैदानात कुस्तीची कंपनी आली होती आणि मास्तर पेटी घेऊन पैलवानांची दाढी करायला गेले होते. तेव्हा पैलवान स्वतःच स्वतःच्या कपाळाला ब्लेड मारत, घाईत, धापा टाकत. त्या दिवशी एकाने शीर कापून घेतली. रक्ताची चिळकांडी समोरच्या खुर्च्यांपर्यंत उडाली, पब्लिक नाचायला लागलं आणि खरा रेफरी चक्कर येऊन पडला. मास्तर दोराखालून आत शिरले, तुरटीचा खडा जखमेत दाबून धरला आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून दुसऱ्या हाताने त्या बिचाऱ्यावर एक-दोन-तीन मोजून त्याला हरवून टाकलं. "तो जिंकणार होता," मास्तर सांगायचे, "पण मला कुठे माहीत?" कंपनीच्या मालकाने त्याच संध्याकाळी काळा बो त्यांच्या गळ्यात बांधला.

त्यांचा लाडका पैलवान रघू भोईर. रिंगमधलं नाव जल्लाद. बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या बाजूच्या एका गावचा. पावसाळ्यात भातशेती करायचा, एरवी आनंदनगरच्या कारखान्यांत ट्रकवर माल चढवायचा. अंगाने दरवाजाएवढा. शोमध्ये हा जल्लाद समोरच्याला खुर्चीने झोडपायचा, पब्लिकवर थुंकायचा, मास्तरांच्या कानाखाली आवाज काढायचा आणि शेवटी हरायचा. आणि तोच जल्लाद ब्लेडला घाबरायचा. शो सुरू व्हायच्या आधी सलूनच्या मागच्या खोलीत तो मास्तरांच्या पुढे उकिडवा बसलेला मी पाहिला आहे.

"मास्तर, हलूच मार हां. मागच्या टायमाला दोन दिस डोला उघरला नव्हता माझा."

"तू हललास रघू. हलायचं नाही. डोळे मीट आणि देवाचं नाव घे."

"देवाचा नाव घेतल्यावर मंग पब्लिकला शिव्या कशा देऊ?"

रघूचं कपाळ नांगरल्यासारखं झालं होतं. मास्तर त्या रेषांवरून बोट फिरवत म्हणायचे, "ही माझी. ही माझी. ही पण माझी. ही नाही, ही कुठल्या गाढवाने केली रे?" रघूही खाली मान घालून सांगायचा की तो भिवंडीला दुसऱ्याच कंपनीत खेळायला गेला होता. मास्तर मग दिवसभर त्याच्याशी नीट बोलायचे नाहीत.

मास्तरांना भित्रा समजणारेही होते, कारण रिंगमध्ये मार खाताना ते मोठ्याने विव्हळायचे. त्यांनी कॅम्प दोनचा तो शो पाहिलेला नव्हता. तिथला हिरो दारू पिऊन आला होता. जल्लादला उचलून आपटायच्या ऐवजी तो स्वतःच पाय मुरगळून आडवा झाला आणि काही केल्या उठेना. मास्तरांनी हळूहळू, अगदी रडत-रखडत मोजलं, तरी तीन हा आकडा कधीतरी येतोच. जल्लाद जिंकला! गावोगाव शिव्या खाऊन हरणारा माणूस जिंकल्यावर पब्लिकचं डोकं फिरलं. खुर्च्या उडाल्या. बांबू निघाले. पोरं रिंगवर चढली आणि त्यांनी रघूला खाली पाडून लाथांनी तुडवायला सुरुवात केली. कुणाच्या तरी हातात लोखंडी सळई होती. रघूचा कान फाटला. तेव्हा मास्तर त्याच्या अंगावर पालथे पडले आणि शिट्टी फुंकत राहिले, जणू काही हा सगळा फाऊल आहे आणि आत्ता सगळे ऐकून बाजूला होतील. एक लाथ तोंडावर बसली. शिट्टी पुढच्या दातांसकट आत गेली. पोलीस येईपर्यंत मास्तर तुटक्या दातांच्या फटीतूनच फुंकत होते.

मी दुसऱ्या दिवशी त्यांना भेटायला गेलो आणि त्या पोरांना चार शिव्या दिल्या. मास्तरांचे ओठ सुजून वांग्यासारखे झाले होते. ते म्हणाले, "पब्लिकचं काय चुकलं? जल्लादला मार बसताना बघायचं तिकीट काढलं होतं त्यांनी. आम्ही दिला नाही, त्यांनी हाताने घेतला." मला राग आला. आजही येतो. पण त्यांना हे मनापासून वाटत होतं. पब्लिकने तिकीट काढलं म्हणजे आपण बांधले गेलो, असं त्यांचं मत होतं.

मग नव्वदच्या दशकात आमच्याकडे केबल आली आणि केबलबरोबर नारीभाई आले. नारीभाई सिंधी, आधी त्यांचं व्हिडिओ पार्लर होतं. दुबईच्या नातेवाइकांकडून अमेरिकन कुस्तीच्या कॅसेटी यायच्या, त्या ते लाकडी बाकांवर पब्लिक कोंबून दाखवत. मास्तर तिथले कायमचे गिऱ्हाईक. सगळे पैलवान बघायचे, मास्तर रेफरी बघायचे. "बघ बघ, आता वाकला. आता दिलं. अरे, हात लपव की!" असं ते पडद्यावरच्या गोऱ्या माणसाला ओरडून सांगायचे आणि मागचे लोक त्यांना खाली बसवायचे. अमेरिकेत कपाळं फार खोल कापतात, असं त्यांचं मत झालं होतं. ते त्यांना पसंत नव्हतं.

त्या कॅसेटींवरूनच नारीभाईंना शोध लागला की तिकडे मोठी कुस्ती असली की लोक घरबसल्या तिचे वेगळे पैसे भरतात, आणि जो भरतो त्याच्याच टीव्हीवर ती दिसते. हे ऐकल्यापासून त्यांना झोप लागेना. त्यांनी मैदानात शो ठेवला, मला कॅमेऱ्यासकट बोलावलं, माझ्या कॅमेऱ्यापासून समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरच्या आपल्या कंट्रोल रूमपर्यंत रस्त्यावरून वायर ओढली आणि जाहीर केलं की आता कुस्ती थेट घरात येणार, पण पैसे भरणाऱ्याच्याच. न भरणाऱ्याचं काय करायचं? अमेरिकेत त्यासाठी काही यंत्र असेल. नारीभाईंकडे पोरं होती. शोच्या दुपारी ती पोरं जिने चढून न भरणाऱ्यांच्या वायरी उपटायची. मग अख्खा मजला पैसे भरलेल्या एका घरात घुसायचा आणि त्या घरातली बाई नारीभाईंना शिव्या द्यायची.

पण धंदा चालला, आणि तिथेच सगळं बिघडलं. मैदानात मागच्या रांगेतल्या माणसाला लाल तोंड लांबून दिसायचं. टीव्हीवर ते घरातल्या कपाटाएवढ्या अंतरावर आलं. लोकांना आणखी हवं झालं. ट्यूबलाइट डोक्यावर फोडायला लागले, तारा गुंडाळलेल्या फळ्या आल्या. एका पैलवानाच्या पाठीतून मास्तरांनी चिमट्याने काचा काढल्या आणि त्या एका वाटीत ठेवून नारीभाईंना दाखवायला नेल्या. नारीभाई म्हणाले, "मास्टरजी, कॅमेरा के सामने निकालते ना!"

याच काळात सुनील रिंगमध्ये आला. सुनील म्हणजे मास्तरांचा मुलगा, एकुलता एक. उंच, देखणा, अंबरनाथच्या जिममध्ये घडवलेलं शरीर. सलूनमध्ये गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झटकायची त्याला लाज वाटायची. नारीभाईंनी त्याचं नाव टायगर ठेवलं आणि कॅम्पातली पोरं त्याच्यासारखे केस वाढवून मास्तरांकडेच ते कापायला येईनाशी झाली. वर्षभर तो उड्या मारून, लाथा मारून जिंकत राहिला. त्याचं कपाळ मात्र कोरं होतं. मास्तर काही ना काही कारण काढून प्रत्येक वेळी समोरच्याचंच कापायचे.

एकदा मी दाढीला बसलेलो असताना बापलेकांचं जुंपलं.

"बाबा, रघूकाकाचं कपाळ बघा. तो पैलवान वाटतो. माझं बघा. मी गिऱ्हाईक वाटतो."

"गिऱ्हाईक वाईट असतं का?"

"जिममध्ये पोरं हसतात. म्हणतात, टायगरचा बाप रेफरी आहे, त्याला कोण हात लावणार?"

मास्तर माझ्या गालावर वस्तरा फिरवत राहिले. हात जराही हलला नाही, पण त्यांनी तो गाल दोनदा केला.

कुसुमवहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, मात्र तोंडावर सांगून टाकलं होतं. घर सलूनच्या मागेच, त्यामुळे त्यांचा आवाज मला भिंतीतून स्वच्छ ऐकू आला. "तुमचे शर्ट मी आजवर मीठ घालून थंड पाण्यात धुतले. रक्त कुणाचं ते कधी विचारलं नाही. पण सुन्याचं रक्त मला धुवायला लावलंत, तर त्या दिवशी घरी येऊ नका. मी दार उघडणार नाही." कुसुमवहिनी कमी बोलणाऱ्या बाई. बोललेलं मागे घेतल्याचं माझ्या आठवणीत नाही.

आणि नेमकं नारीभाईंनी टायगर विरुद्ध जल्लाद अशी सगळ्यांत मोठी कुस्ती ठरवली. केबलवर दिवसभर पट्टी फिरत होती, 'लाल मुकाबला, सीधा मैदान से, खून की गारंटी.' सलूनमध्ये येऊन त्यांनी कुणाचं रक्त ते सांगितलं.

"विलन का खून तो पब्लिक रोज देखता है, मास्टरजी. घर बैठ के पैसा भरा है, उसको हीरो का खून मंगता है."

"रघूचं दोनदा काढतो," मास्तर म्हणाले.

"माझा घे ना मास्तर," रघूही म्हणाला, "माझ्या कपालाला सवय हाय."

"साईं, गारंटी लिखा है मैंने," नारीभाई म्हणाले. "नहीं निकला तो पब्लिक रिंग तोड देगा. बेटा भी अंदर, जल्लाद भी अंदर. कॅम्प दो याद है ना?"

मास्तरांची जीभ तुटलेल्या दातांच्या फटीत गेली.

कुस्ती संध्याकाळी उजेडातच ठेवली होती, म्हणजे चित्र स्वच्छ यावं. तेलाच्या पिंपांवर फळ्या टाकून केलेलं रिंग, वर ताडपत्री. मी एका कोपऱ्याला स्टुलावर उभा. मैदान गच्च भरलेलं, भिंतींवर, झाडांवर, पत्र्यांवर माणसं. कुसुमवहिनी पैसे भरलेल्या शेजारणीकडे टीव्हीसमोर बसल्या आहेत, हे मास्तरांना माहीत होतं आणि मलाही.

रघूने त्या दिवशी जीव ओतून मारलं. सुनीलला त्याने केसांना धरून फिरवलं, दोरावर गळा दाबून धरला, लोखंडी खुर्ची पाठीत अशी घातली की खुर्चीचा पाय वाकला. पब्लिक घसा फोडून त्याच्या आयबहिणीचा उद्धार करत होतं. एक सोडावॉटरची बाटली माझ्या कानाजवळून गेली आणि रघूच्या खांद्यावर फुटली. तिथून खरंच रक्त आलं, पण त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. ते विलनचं होतं. मग रघूने सुनीलचं डोकं कोपऱ्याच्या खांबावर आपटल्यासारखं केलं आणि सुनील माझ्यापासून हातभर अंतरावर पालथा पडला. हीच ठरलेली जागा होती.

"खून! खून! खून!" सगळं मैदान एका तालात ओरडायला लागलं. पुढची पोरं रिंगच्या फळ्या हातांनी बडवत होती. काहींनी खुर्च्या उचलल्याही होत्या.

मास्तर वाकले. माझ्या डोळ्याला भिंग होतं म्हणून मला दिसलं. त्यांचा डावा अंगठा सुनीलच्या कपाळावर गेला, कातडी ताणली गेली, ब्लेडचं बोट केसांच्या रेषेला टेकलं. आणि तिथेच थांबलं. इतकी वर्षं मी तो हात पाहत होतो. तो मधेच अडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"मारा बाबा," सुनील दबक्या आवाजात म्हणाला. "खोल मारा."

एक खुर्ची येऊन रिंगमध्ये पडली. मास्तरांनी बोट उचललं, आपल्याच डाव्या तळहातावर, अंगठ्याच्या मुळाशी टेकवलं आणि ओढलं.

आयुष्यभर त्यांनी फक्त कपाळं कापली होती. कपाळाखाली हाड असतं, ब्लेड तिथे आपोआप थांबतं; त्या हाडाच्या भरवशावरच त्यांचा हात बसलेला होता. तळहातात ब्लेड थांबवायला काही नव्हतं. त्यांनी जोर तेवढाच लावला आणि ब्लेड आत, खूप आत गेलं. त्यांच्या तोंडातली शिट्टी चिरक्या आवाजात वाजली. मग त्यांनी तो हात मुलाच्या कपाळावर दाबून धरला आणि केसांपासून हनुवटीपर्यंत फिरवला.

मी कॅमेरा झटकन वर उचलला आणि पब्लिक दाखवलं.

सुनील उठला. डोळ्यांत रक्त उतरलं तसा तो पेटला. त्याला वाटलं, बापाने अखेर मारलं. त्याचं लाल तोंड बघून मैदानात असा आवाज उठला की माझं स्टूल हललं. तो रघूवर तुटून पडला. मास्तर डावा हात काखेत घट्ट धरून उजव्या हाताने मोजत होते. पांढऱ्या शर्टाची डावी बाजू खालून वर लाल होत चालली होती. रघूने ते पाहिलं. एवढा मोठा जल्लाद, मार खाता खाता मधेच थिजला. "मास्तर, तुझा हात..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"पड," मास्तर दातांच्या फटीतून म्हणाले. "खेळ पुरा कर."

रघू पडला. एक, दोन, तीन.

पोरांनी सुनीलला खांद्यावर घेऊन बाजारातून मिरवणूक काढली. मी आणि रघूने मास्तरांना जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टाके घातले आणि सांगितलं की अंगठा ओढणारी दोरीच तुटली आहे, कल्याणला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन जा, आत्ताच्या आत्ता. मास्तर म्हणाले, "आधी घरी." आम्ही दोघांनी समजावलं, रघूने हातसुद्धा जोडले. ते रिक्षात जाऊन बसले होते.

घराचं दार बंद होतं. आत दिवा लागलेला होता. मास्तरांनी कडी वाजवली नाही, हाक मारली नाही. बँडेज बांधलेला हात पोटाशी धरून पायरीखाली उभे राहिले. रघू ओरडला, "वहिनी, दार खोला, मास्तरला लागलाय!" मास्तर त्याला म्हणाले, "तू गप्प बस. तिने सांगितलं होतं." त्या माणसाचा मला इतका राग आला होता आणि इतकी माया वाटत होती, की मी तोंड फिरवून गटाराकडे बघत उभा राहिलो.

मग मिरवणूक आली. सुनील गळ्यात हार, तोंडावर वाळलेलं रक्त, असा हसत खाली उतरला. तेव्हा कुठे दार उघडलं. कुसुमवहिनींनी नवऱ्याकडे बघितलंही नाही. त्यांच्या हातात पाण्याची कळशी होती. मुलाला त्यांनी पायरीवर बसवलं, पदर भिजवला आणि त्याचं तोंड पुसायला लागल्या. गाल पुसले, डोळे पुसले, कपाळ पुसलं. केस मागे सारून पुसलं. पुन्हा पुसलं. जखम सापडेना. त्यांचं बोट केसांच्या रेषेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं आणि परत आलं. मग त्यांनी पहिल्यांदा मान वर करून नवऱ्याच्या हाताकडे बघितलं. बँडेज एव्हाना लाल झालं होतं.

"आत या," त्या म्हणाल्या.

सुनीलने स्वतःच्या कपाळाला हात लावून बघितला. त्याचा चेहरा पडला. "सगळ्या कॅम्पसमोर मला खोटं पाडलंत, बाबा!"

"कॅम्पला कुठे माहीत आहे?" मास्तर म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "चारपाच जणांना माहीत आहे. ते सांगणार नाहीत." आणि मग उंबऱ्यावरच खाली बसले.

कल्याणला जायला उशीर झाला तो झालाच. अंगठा हाताला होता, पण तो हलत नव्हता. महिनाभराने मास्तरांनी सलून उघडलं आणि पहिल्याच गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तऱ्याने रेघ ओढली. दाढी उजव्या हाताने होते असं आपल्याला वाटतं; कातडी ताणणारा डावा अंगठा नसेल तर तो उजवा हात काही कामाचा नाही. मास्तरांनी गिऱ्हाइकाच्या गालाला तुरटी लावली, माफी मागितली आणि वस्तरा आरशापुढे ठेवून दिला. सुनील तेव्हा बापाशी बोलत नव्हता. तो जिमची पिशवी घेऊन मागच्या दाराने निघाला होता. त्याने आरशात ते पाहिलं. पिशवी खाली ठेवली, हात धुतले आणि तोच वस्तरा उचलून त्या माणसाची दुसरी बाजू पुरी केली. त्याला अजून काही दिवस बोलायचं नव्हतंच, पण दाढी करताना बोलावं लागत नाही.

पुढे परदेशी चॅनेल आले आणि कुस्ती रोज फुकट दिसायला लागली. नारीभाईंनी वायरी उपटणं सोडून जीन्सचा कारखाना टाकला. रघू गावी भातात रमला. सीझनला तांदळाची गोणी घेऊन येतो आणि मास्तरांच्या पुढे उगाच कपाळ करून बसतो.

मी स्टुडिओ विकून बदलापूरला राहायला जायच्या आधी निरोप घ्यायला सलूनवर गेलो, तेव्हा दुपार होती आणि वीज गेली होती. पंखे बंद, रस्त्यावरच्या शिलाई मशिनींचा आवाजही बंद. सुनील गिऱ्हाइकाच्या खुर्चीत मान मागे टाकून झोपला होता. केस त्याने केव्हाच कापून टाकले होते. मास्तर त्याच्यावर वाकले होते, मोजायला वाकत तसे. त्यांचा डावा हात खाली लोंबत होता. उजव्या अंगठ्याने त्यांनी मुलाच्या कपाळाची कातडी हलकेच ताणली, दारातून येणाऱ्या उजेडाकडे त्याचं डोकं किंचित वळवलं आणि केसांच्या रेषेवरून डावीकडून उजवीकडे नीट बघत गेले. काही सापडलं नाही. त्यांनी अंगठा उचलला आणि शेजारच्या बाकावर जाऊन बसले.

मी हाक न मारता पायरीवरूनच परत फिरलो.